तीन नंबरचा खांब

५ जानेवारी

वर्गात पाऊल टाकलं आणि समोर नणंद उलटी लटकलेली! डोकं खाली, पाय वर, एका गुडघ्याच्या वळीत खांब अडकवलेला, दोन्ही हात मोकळे. माझ्या चपला हातातच राहिल्या.

तिने मला उलटंच ओळखलं. "वहिनी? तुम्ही इथे?" एवढंच म्हणाली. मग सावकाश खाली आली, हात पुसले आणि पाणी प्यायला जी गेली ती माझी पहिली कवायत संपेपर्यंत आलीच नाही.

लग्नाला बारा वर्षं झाली, पण ही बाई खांबावर नाच शिकते हे मला माहीत नव्हतं. तिच्या भावालाही नाही. तशी तिच्याबद्दल आम्हाला काय माहिती आहे म्हणा! लोकांना मोटार चालवायला शिकवते, घटस्फोटानंतर एकटी राहते, आणि फोन उचलून "बोला" म्हणते, जसं काही आपण तक्रार घेऊनच आलोय.

मी गेले होते मानेसाठी. दिवसभर लॅबमध्ये दातांवर वाकून बसायचं — मेणाचे दात, प्लास्टरचे जबडे, वर परत चिनी मातीचा मुलामा. लोकांना चावता यावं म्हणून माझी मान गेली. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. जिमला गेले, कंटाळले. लॅबसमोर टायरचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर हा वर्ग. जिन्याने उतरणाऱ्या बायकांचे खांदे रोज खिडकीतून बघायचे. शेवटी चढले, तर नेमकी हिच्या पुढ्यात.

६ जानेवारी

जिना उतरताना कठडा धरून आडवी चालते आहे. मांड्या आहेत हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

८ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. आधी खांबावरच्या नाचाचं सांगितलं, तेव्हा नुसतं "बरं" म्हणाला. त्याच्या बहिणीचं, म्हणजे ताईंचं, सांगितल्यावर मात्र पेपर खाली ठेवला. "तुम्ही दोघी एका छपराखाली, तासभर? छप्पर शाबूत आहे ना?"

त्याला हसायला काय जातं.

१२ जानेवारी

आज नियम. मास्तरीण पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकी, आवाज मात्र गोदामाएवढा. म्हणाली, नाच नंतर, आधी कसं पडायचं नाही ते शिका. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा. सकाळपासून अंगाला तेल लावायचं नाही, क्रीम लावायचं नाही. लावलंत तर खांब तुम्हाला धरणार नाही, आणि तुमच्यामागून चढणारीलाही धरणार नाही. आपलं झालं की स्पिरिटच्या फडक्याने खांब पुसायचा. गादी ओढल्याशिवाय पाय वर करायचे नाहीत.

खांबाच्या बुडाशी एक स्क्रू आहे. किल्लीने आवळला की खांब जागचा हलत नाही. वर्गात त्याला म्हणतात बंद खांब. सैल केला की खांब स्वतःभोवती गरागरा फिरतो, तो उघडा. शिकाऊंनी बंद खांबावरच चढायचं. जी उघड्या खांबावरून उतरेल तिनेच तो बंद करायचा, आणि चढणारीने आधी हलवून बघायचं. मास्तरीण म्हणाली, "उतरणारीवर विश्वास ठेवा, पण हलवून बघा." मी मनात म्हटलं, सासरी हाच नियम सांगायला हवा होता.

मग उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. एकीने चढायचं, दुसरीने बाजूला उभं राहून सांभाळायचं. सांभाळणं म्हणजे झेलणं नाही — माणूस झेलता येत नाही. पडणारीची मान आणि डोकं वाचवायचं, बस्स. माझी उंची नेमकी कुणाइतकी निघावी? मास्तरणीने विचारलं, "तुमची ओळख आहे का?" ताई म्हणाल्या, "आहे थोडी."

बारा वर्षांची थोडी!

१९ जानेवारी

पायघोळ पायजमा घालून चढायला गेले आणि साबणाच्या वडीसारखी खाली आले. कातडी लागते, कपड्यावरून पकड बसत नाही. म्हणून सगळ्या अर्ध्या चड्डीत. आज मी नवऱ्याची जुनी चड्डी नाडी आवळून नेली. वर्गातल्या पोरी तोंड फिरवून हसल्या. ताई हसल्या नाहीत. बारकाईने बघून म्हणाल्या, "ही दादाची ना?"

"हो."

"टाकून द्या आता."

संपलं संभाषण. पण हे दोन आठवड्यांतलं सगळ्यात मोठं संभाषण होतं.

२३ जानेवारी

माझ्या पिशवीवर काळी अर्धी चड्डी ठेवलेली. ताई म्हणाल्या, "मला लहान होते." घरी येऊन घालून बघितली — बरोब्बर माझ्या मापाची. दुकानातल्या घडीची खूणही गेली नव्हती. तिला कशी लहान होईल, आम्ही एकाच मापाच्या आहोत.

असो. दिली ना. धन्यवाद म्हटलं तर म्हणाली, "त्यात काय."

२ फेब्रुवारी

चढले! एका पावलाचा वरचा भाग खांबाला, नडगी मागून टेकवलेली, दुसरा पाय समोरून, गुडघे आवळले आणि उभी राहिले. असं तीनदा केलं आणि छत हाताशी आलं. वर गेल्यावर कळलं की उतरायचं शिकवलेलंच नाही.

"वहिनी, खाली बघू नका. हात सोडू नका. नुसते गुडघे सैल करा, थोडे." ताईंचा हात माझ्या कमरेशी. ड्रायव्हिंग शिकवण्याचा आवाज तो, शांत आणि वैतागलेला. आले खाली. घोट्यावर निळे-जांभळे डाग, मांडीच्या आतल्या बाजूला जाळ. नवरा म्हणाला, पैसे देऊन मार खाऊन येतेस.

लिहूनच टाकते. मला बहीण नाही. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, नणंद आहे म्हणजे बहीणच मिळाली. खुळं वाटणं. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की तिच्या लेखी मी भावाला उचलून नेलेली बाई. भांडण कधी झालं नाही. भांडायला तरी बोलावं लागतं. पण ते खुळं वाटणं काही जात नाही. आज तिचा हात कमरेशी होता तर मला चक्क बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

उलटं व्हायला शिकते आहे. उडी मारून पाय वर फेकायचे नाहीत, पोटाच्या जोरावर उचलायचे. माझं पोट जोर नावाची गोष्ट ओळखत नाही. तरी अर्धी उलटी झाले. डावी बाजू, मग उजवी. मास्तरीण म्हणते, एकाच बाजूने शिकाल तर वाकड्या व्हाल.

ताईंना विचारलं, तुम्ही कशाला येता? जरा थांबून म्हणाल्या, "गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दाबत बसते. इथे चूक माझी आणि वजनही माझं."

एवढं मोठं वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

१७ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहिते. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

१८ फेब्रुवारी

डाव्या हाताचं अक्षर कोंबडीचे पाय. थोडक्यात लिहिते. तीन नंबरचा खांब. आधी ताईंनी त्यावर गरागरा फिरून दाखवलं, मग माझी पाळी. उलटी झाले. छान झाले. हात बदलायला गेले आणि सुटले. ताईंनी मान धरली म्हणून डोकं वाचलं. हात मीच खाली टेकवला — टेकवू नका असं शंभरदा सांगितलेलं असताना.

मला वाटलं, खांब फिरला. मास्तरणीला म्हटलं. ती म्हणाली, पडताना सगळंच फिरतं. क्रीम लावलं होतं का? लावलं होतं — सकाळी, हातांना. लॅबमधल्या प्लास्टरने हात फुटतात माझे, सवयीने लावलं गेलं. मास्तरणीने कपाळावर हात मारला.

म्हणजे माझंच चुकलं. विषय संपला.

१९ फेब्रुवारी

लॅबचे मालक हाताकडे बघून म्हणाले, "दात थांबत नाहीत हो." शेवटी मला दातांचे रंग जुळवायच्या टेबलावर बसवलं. पिवळट पांढरा, राखी पांढरा, चहाबाज पांढरा. बघायचं आणि डाव्या हाताने खूण करायची. हात गेला तर काम जाईल याची धास्ती मनात आहेच. मेण कोरायला उजवंच मनगट लागतं.

२१ फेब्रुवारी

सकाळी दारात हॉर्न. ताई, ड्रायव्हिंग शाळेची गाडी घेऊन. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. म्हणाली, "बसमध्ये एका हाताने कशी लोंबकळणार आहेस? बस."

'आहेस' म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर परत 'आहात'वर गेली असती. रस्त्यात सगळे आम्हाला वाट देत होते. पाटीमुळे.

२४ फेब्रुवारी

रविवार. ताई आली, तिच्या भावाला म्हणाली, "दादा, तू बाहेर बस." मला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि केस धुतले. भांडी घासावीत तसे घासते! मी कळवळले तर म्हणे, "हलू नकोस, डोळ्यांत जाईल." मग पुसले, विंचरले. गाठी सोडवताना मात्र हात इतका हलका की झोप यायला लागली.

आईनंतर माझे केस कुणी धुतले नव्हते.

१० मार्च

रोज सकाळी गाडी. दर रविवारी केस. बुधवारी भाजी चिरून डब्यात भरून ठेवते. नवऱ्याला म्हटलं, तुझी बहीण बदलली. तो म्हणाला, "बदलली नाही. लहानपणी अशीच होती. मला ताप आला की शाळेत जायची नाही." मग म्हणे, मला वाटलं होतं ते सगळं संपलं.

आता मीही तिला 'तू' म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने मागे वळून बघितलं नाही, पण गाडीचा गिअर उगीचच बदलला.

३१ मार्च

प्लास्टर निघालं. आतून कुणाचा तरी बारीक, पांढरट, सुरकुतलेला हात निघाला. व्यायाम सांगितलेत — रबरी चेंडू दाबायचा.

ताई आता येणार नाही असं वाटलं होतं. रविवारी आली. म्हणे, मनगटाला पीळ पडायला नको अजून. कुणी तक्रार करावी! डोकं पुढे केलं.

५ मे

वर्गात परत. खांबाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. पाय जमिनीवर ठेवूनच बाहूंचा, खांद्यांचा व्यायाम. मास्तरीण म्हणाली, घाई नाही. सप्टेंबरात वर्गाचा कार्यक्रम आहे, घरची माणसं बघायला येतात. "तुम्ही दोघी जोडीचा नाच करा."

ताई म्हणाली, "ती म्हणेल तर." मी म्हटलं, हो. पटकन म्हटलं. कारण मला हवं आहे ते. लोकांसमोर, नवऱ्यासमोर, आम्ही दोघी एका खांबावर. बाकीचं राहू दे, एवढं एक मला हवं आहे.

२२ जून

आज कळलं.

मास्तरणीने पहिल्यांदा उघड्या खांबावर चढवलं. म्हणाली, अंग जवळ घेतलं की वेग वाढतो, लांब केलं की कमी होतो, घाबरू नका. मी धरलं, पाय उचलले, आणि खांब हातातून निसटल्यासारखा आधी चोरटा हलला आणि मग फिरला. त्या पहिल्या हलण्याला मी ओळखलं. हाच तो. सतरा फेब्रुवारीला हेच झालं होतं. पडताना सगळं फिरतं हे खरं, पण तेव्हा मी पडायच्या आधी खांब फिरला होता.

माझ्याआधी त्यावर कोण होतं? ताई. फिरून दाखवत होती. खांब उघडा तिने केला, बंद तिने करायचा. केला नाही.

हलवून बघायचं माझंही काम होतं. बघितलं होतं का? बघितलं असं वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. एक धक्का दिला असेल वरवर.

ताई शेजारीच उभी होती. "जमलं की," म्हणाली. मी म्हटलं, "चक्कर आली," आणि खाली बसले.

२३ जून

झोप लागली नाही नीट. मनगटाचं नाही, केसांचं डोक्यात येतंय. गाडी, केस, चिरलेली भाजी. बारा वर्षं ज्या बाईने माझा वाढदिवस विचारला नाही, ती पाटीची गाडी घेऊन रोज दारात? आता लक्षात येतंय. चोराच्या मनात चांदणं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की खांब तिने उघडा ठेवला. ती माझ्यासाठी काही करत नव्हती, स्वतःच्या मनाचं ओझं उतरवत होती.

आणि मी खुळी, बहीण मिळाली म्हणून डोकं पुढे करत होते.

पडल्याचा राग नाही मला. याचा आहे.

२९ जून

रविवार. ताई आली. म्हटलं, धुतले सकाळीच. खोटं बोलले. तिने माझ्या तेलकट केसांकडे बघितलं, चहा प्यायली, गेली.

१३ जुलै

जोडीच्या नाचाचा सराव. त्यातली मुख्य जागा अशी: ताई वर खांबावर पाय आवळून बसते. मी खालून चढते. दोघींनी एकमेकींचे हात कोपराखाली धरायचे — मनगटं नाहीत. मग मी पाय सोडायचे आणि तिच्या हातांवर लोंबायचं. खाली गादी आहे, जमीन दोन हातांवर आहे, मास्तरीण बाजूला उभी आहे. डॉक्टरांनीही परवानगी दिलेली.

पाय सुटेनात. मास्तरीण म्हणते, "धरलंय तिने, सोडा." वरून ताई म्हणते, "धरलंय." माझे गुडघे खांबाला चिकटलेले. एरवी चिकटत नाहीत!

पाचदा केलं. पाचही वेळा तशीच उतरले. मास्तरीण म्हणाली, हाताची भीती आहे, जाईल. ताईने फडकं घेतलं. खांब पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

२७ जुलै

परत तेच. मास्तरणीचा नियम आहे: ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याबरोबर जोडी करायची नाही, लाजायचं नाही, सरळ सांगायचं. तर काय सांगू? ही माझी नणंद आहे, हिने माझे केस धुतले म्हणून माझा हिच्यावरचा भरवसा उडाला?

लॅबमध्ये आज एक जबडा उलटा बसवला. मालक म्हणाले, "हे आजोबा नाकाने चावणार का?"

१० ऑगस्ट

सांगून टाकलं.

नुसतं धुमसत बसण्यात अर्थ नव्हता. कार्यक्रम तोंडावर आलाय, आणि मला तो हवा आहे. आणि खरं सांगायचं तर मला तीही हवी आहे. ओझं असेल तर उतरू दे तिचं, मग बघू काय उरतं.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघीच होतो. ती गाद्या लावत होती. मी म्हटलं, "ताई, मला माहीत आहे."

"काय?"

"त्या दिवशी खांब उघडा राहिला होता. होतं असं कुणाकडूनही. मीही नीट हलवून बघितला नसेल. मी मनात ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस."

ती गादी धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता रडणार. मी तर पुढे होऊन हात धरायची तयारीही केली होती.

ती म्हणाली, "बरं." मग गादी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "म्हणून पाय सुटत नव्हते?"

"हो."

"आता सुटतील?"

"सुटतील."

"मग झालं," म्हणाली.

मन मोकळं झालं. मोठ्या मनाने वागले असं वाटतंय. माझंच मला कौतुक!

१७ ऑगस्ट

सोडले पाय! क्षणभर हवेत होते, ताईचे हात कोपराखाली लोखंडासारखे. मग तिने अलगद परत खांबाला लावलं. मास्तरणीने टाळ्या वाजवल्या. बोलून टाकलं की सगळं सुरळीत होतं, लोक उगीच कुढत बसतात.

३१ ऑगस्ट

ताई रविवारी येत नाही. आजचा तिसरा. मनगट बरं आहे, तशी गरज नाहीच. बुधवारी भाजीचा डबाही नाही. सरावाला मात्र वेळेवर. नीट धरते, नीट सोडते, पुसते, जाते.

म्हणजे जे वाटलं होतं तेच. फिटंफाट झाली. मी माफ केलं, तिचं ओझं उतरलं, आता यायचं कारण उरलं नाही. माझ्याच हाताने मी तिचं कारण काढून घेतलं. माफ केलं नसतं तर निदान आली तरी असती. काय विचार करतेय मी!

नवरा म्हणाला, "तुमचं काही झालं का?" म्हटलं, काही नाही. खरंच काही झालेलं नाही.

१४ सप्टेंबर

कार्यक्रम झाला. वर्गातच खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळपासून हातांना काही लावलं नाही, पाण्यालाही घाबरून होते. आमची पाळी शेवटून दुसरी. ताईने खांब पुसला, किल्ली आवळली, मी हलवून बघितला. गाणं सुरू झालं. पहिल्या चढाईत माझा पाय एकदा घसरला, ते कुणाला दिसलं नाही. मग ती वर, मी खाली, धरलं, सोडले पाय. खुर्च्यांमधून कुणीतरी श्वास आत ओढला. मी वर बघितलं. ताईचा चेहरा माझ्यापासून हातभर, लाल झालेला, आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच तिला काही दिलेलं आहे. काय ते कळलं नाही.

नवरा जागेवरून उठलाच नाही बराच वेळ. मग म्हणाला, "तुम्ही दोघी अशा कधीपासून?"

ताई म्हणाली, "दादा, घरी जा, उशीर झाला." आणि तिच्या गाडीने निघून गेली. मी म्हटलं होतं, आज तरी जेवायला ये.

२० सप्टेंबर

लॅबमध्ये गर्दी. एका बाईंना दात जरा वाकडेच हवे आहेत, आधी होते तसे. नातवाने ओळखलं नाही म्हणे. सगळ्यात कठीण काम हेच. सरळ दात कुणीही करेल.

२६ सप्टेंबर

मास्तरणीने वर बोलावून घेतलं. तीन नंबरचा खांब काढलाय. कारागिराने बूड उघडलं तर स्क्रूचे आटे झिजलेले. हाताने हलवला तर गच्च, वजन पडलं की सुटतो. म्हणाली, "तुमची माफी मागायची आहे. त्या दिवशी ताईंनी तो बंद केलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. म्हणून तर मी क्रीमला दोष देत राहिले."

तशीच ताईच्या ड्रायव्हिंग शाळेत गेले. ती अंगणात गाडी पुसत होती. म्हटलं, "तू बंद केला होतास."

"हो."

"मग मी म्हटलं तेव्हा गप्प का बसलीस?"

तिने फडकं पिळलं, झटकलं, परत काचेवर फिरवलं. "नाही म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, 'मग इतके दिवस माझे केस कशाला धुतलेस?' ते मला तोंडाने सांगता आलं नसतं. त्यापेक्षा चूक माझी म्हटलेली बरी."